टेपचे दुसरे टोक

रकाना १. शेड किती बाजूंनी उघडी आहे?

तीन बाजूंनी. चौथ्या बाजूला घराची भिंत. असेच हवे. गाडीच्या शेडला भिंती वाढत गेल्या की तिची खोली होते, आणि खोलीचा परवाना निराळा. निवृत्त मास्तरांच्या अंगणात उभे राहून निरीक्षकाने रकान्यात बरोबरची खूण केली आणि खिशातून टेप काढली.

इमारत परवाना विभागातल्या या निरीक्षकाला सगळे इंचसाहेब म्हणत. मापे मीटरमध्ये घ्यायला लागून जमाना झाला होता, पण नाव तेच चिकटले, कारण हा माणूस कोणाला इंचभरही सोडत नसे. पत्रा बोटभर पुढे आला तरी कापायला लावी. पावसाचे पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडते की काय, हे पाहायला बादलीभर पाणी स्वतः पत्र्यावर ओतून बघे.

"द्या साहेब, टोक मी धरतो," मास्तर पुढे झाले.

"नको, नको." इंचसाहेबांनी दुसऱ्या खिशातून एक वाकवलेला खिळा काढला, त्याला दोरीचा फास होता. तो खांबाला बांधला, टेपचे टोक त्यात अडकवले आणि मागे मागे चालत गेले.

"माणसांवर एवढा अविश्वास?"

"माणसाचा हात हलतो मास्तर. खिळा हलत नाही."

मास्तर हसले. "शाळेत असतात तर मुलांऐवजी बाकंच मोजून हजेरी घेतली असतीत तुम्ही."

इंचसाहेबही हसले. आकडा लिहिला, खिळा सोडवला. टेप सरसर आत आली. अगदी शेवटच्या वितीला मात्र ती नेहमीसारखी अडखळली, कोणी तरी पलीकडचे टोक धरून ठेवावे आणि नाइलाजाने सोडावे तशी. आतली स्प्रिंग जुनी झाली असेल, असे ते स्वतःला सांगत. गेल्या आठ वर्षांत त्यांनी तीन टेपा बदलल्या होत्या.

दुपारी जेवायला घरी आले तर मेहुणा आधीच ताटासमोर बसलेला आणि बायकोच्या चेहऱ्यावर बऱ्याच महिन्यांनी उजेड.

"अहो, हात धुवा आणि बसा. दादा काय म्हणतोय ते ऐका."

"स्थळ आणलंय भावजी, आणि स्थळ म्हणजे सोनं," मेहुण्याने बोटांवर मोजत सांगायला सुरुवात केली. "गोदामवाले. थोरला मुलगा. घर स्वतःचं, कोपऱ्यावरचं. बिजवर आहे, पण मूलबाळ नाही, मागे कसलं लोढणं नाही."

"कोपऱ्यावरचं?"

"ते हो, पुढे हिरव्या पत्र्याची शेड आहे बघा. तुम्हीच पास केलेली! मुलाच्या आई मला म्हणाल्या, साहेबांना आम्ही चांगले ओळखतो, नियमाचा माणूस, अशाच घरची मुलगी हवी."

इंचसाहेबांचा घास हातातच राहिला.

"पहिली न्यूमोनियानं गेली म्हणे बिचारी," बायको वाढता वाढता म्हणाली. "एकेकीचं नशीब."

मुलगी तेवढ्यात दुकानातून आली. चष्म्याच्या दुकानात ती लोकांची नजर तपासायची. वय एकतीस, एक ठरलेले लग्न मोडलेले, आणि जीभ आईच्या भाषेत कात्रीसारखी. "माझ्या वाट्याला आता बिजवरच," ती म्हणाली. "आणखी दोन वर्षं थांबा, तिजवर येतील. देण्याघेण्याचं काय म्हणाले, मामा?"

"शब्द काढला नाही! मुलगी द्या म्हणाले, बस्स."

"मग भेटायला हरकत नाही. काय हो बाबा?"

तिघांनी त्यांच्याकडे पाहिले. याच क्षणी त्यांनी तोंड उघडायला हवे होते. वाचकहो, पुढे जे घडले त्याचे मूळ या क्षणात आहे, म्हणून तो इथे स्पष्ट लिहून ठेवतो. त्या घराबद्दल त्यांना जे ठाऊक होते, ते सांगायला चार वाक्ये पुरली असती. पण त्यातल्या तिसऱ्या वाक्यात ते स्वतः होते.

"बघू," इंचसाहेब म्हणाले.

रकाना ३. वाहन. (वाहन अजून आलेले नसल्यास त्याची लांबी आणि ते केव्हा येणार, हे अर्जदाराने लिहून द्यावे.)

दुसरा रकाना राहिला, तो नंतर येईल. त्या दुपारी तिसराच आधी समोर आला.

"साहेब, गोदामवाल्यांची फाइल," कारकून बाईंनी गठ्ठा टेबलावर ठेवला. "हिरवी शेड वाढवायची म्हणतात. जुनी शेड पाच मीटर दहा, त्यात चार साठची गाडी मावते, पण दारं उघडत नाहीत म्हणे. रुंदी वाढवायचीय. आणि हद्दीपासून अंतर बघा, चाळीस सेंटिमीटर उरतंय. एक मीटर हवं ना?"

"एक मीटर."

"मग नामंजूर?"

"बघू."

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. नामंजूर म्हणायला या माणसाला एरवी श्वासभरही वेळ लागत नसे.

त्यांनी अर्ज उघडला. वाहन: येणार आहे. लांबी: चार मीटर साठ. केव्हा: थोरल्याच्या लग्नात. खाली सही आणि तारीख अकरा. मेहुणा घरी आला तो आजचा दिवस चौदा. म्हणजे मुलगी मागायच्या तीन दिवस आधी गाडी मोजून झाली होती.

हे त्या लोकांनी लपवून लिहिले नव्हते. सरकारी कागदावर, वळणदार अक्षरात, जसा आपण घराचा पत्ता लिहितो तसे लिहिले होते. आणि सरकारी कागदानेही ते निमूट घेतले होते. वर आवकचा शिक्का होता.

अर्जाला मागची, आठ वर्षांपूर्वीची फाइल जोडलेली होती. तिच्यातही तोच रकाना. वाहन: येणार आहे. लांबी: तीन मीटर ऐंशी. केव्हा: थोरल्याच्या लग्नात. त्या वेळचा पाहणी अहवालही होता, खुद्द त्यांच्या अक्षरात. समासात पेन्सिलीने टिपलेली मापे.

"एक विचारू साहेब?" बाई वाकून बघत होत्या. "लांबी पाच दहा, रुंदी दोन सत्तर, उंची दोन पस्तीस, हे कळलं. हे खाली एक अठ्ठावन्न कशाचं? सबंध नकाशात एक अठ्ठावन्नचं काहीच नाही."

इंचसाहेबांनी फाइल मिटली.

"चुकून पडलं असेल," ते म्हणाले.

रकाना ४. शेडमध्ये माणसांचे बिऱ्हाड किंवा घरगुती सामान आढळले काय?

आढळले होते.

आठ वर्षांपूर्वीच्या थंडीतली दुपार. हाताखालचा माणूस रजेवर, म्हणून ते एकटेच गेले होते. हिरवा पत्रा नवा कोरा. चार लोखंडी खांब, रंग अजून ओला असावा असा चकाकणारा. गाडी नव्हती. गाडीच्या जागी एक गुंडाळलेली सतरंजी, एक पाण्याचा लोटा, दोन विटांवर ठेवलेली कपड्यांची पिशवी. तिसऱ्या खांबाला माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर एक आकडा होता. गाडी पुसायचे फडके अडकवायला असतो तसा. त्याला कंगवा लटकत होता.

आणि एक मुलगी. बावीस-तेवीसची, अंगावर दोन स्वेटर, एकावर एक. ती उठून उभी राहिली.

"घरात कोणी नाही का?" त्यांनी विचारले.

"आहेत ना. मी सून. माप घ्यायचंय ना? द्या, मी धरते टोक."

तेव्हा ते खिळा बाळगत नसत. त्यांनी टोक दिले. ती तिसऱ्या खांबापाशी गेली आणि टेप अशी घट्ट धरली की एक केसभर हलली नाही.

"हे सामान कोणाचं?"

"माझं."

"इथे का?"

"गाडी यायचीय माझ्या वडिलांकडून. ती यायला उशीर झालाय. सासूबाई म्हणतात, जागा केलीय तर रिकामी कशी ठेवायची, गाडी येईपर्यंत तूच उभी राहा तिथे." हे सांगताना ती हसली. चेष्टा सांगतेय असे वाटावे म्हणून हसली असावी. "गाडी किती लांब असते हो?"

"तुमची तीन ऐंशीची लिहिलीय."

"आणि मी?" तिने टेपचे टोक टाचेखाली दाबले आणि खांबाला पाठ लावून उभी राहिली. "बघा ना किती भरते."

इंचसाहेब सकाळपासून पाच घरे फिरून कंटाळले होते, आणि ती हसत होती. त्यांनीही हसत टेप वर ओढली. एक मीटर अठ्ठावन्न. सवयीने हात समासात गेला आणि पेन्सिलीने आकडा पडला.

"म्हणजे अर्धीसुद्धा नाही," ती म्हणाली. "तरीच त्यांचं पोट भरत नाही."

मग ते रकाना चारकडे आले. नियम साफ होता, शेडमध्ये माणसाने राहायचे नाही. तो चांगल्यासाठीच केलेला नियम होता. उघड्यावर कोणी राहू नये, आगीपाण्याची भीती, रोगराई. त्यांनी लिहिले: *घरगुती सामान आढळले. आठ दिवसांत हटवावे.*

ती त्यांच्या खांद्यावरून वाचत होती. "हे लिहिल्यावर मला आत घेतील?" तिने विचारले. या वेळी ती हसत नव्हती.

"हटवावं तर लागेलच. नियम आहे," इंचसाहेब म्हणाले. दार वाजवून सासूच्या हातात कागद दिला, सही घेतली आणि सहाव्या घराकडे गेले. एक चांगले काम झाले असेच त्यांना वाटले. आज हे वाचताना हसू येईल कुणाला, पण खरेच वाटले. पोर घरात जाईल.

नवव्या दिवशी फेरपाहणी. शेड झाडून स्वच्छ, सतरंजी नाही, लोटा नाही. आकड्याला कंगवा नाही. *त्रुटी दूर झाली,* त्यांनी लिहिले. ती कुठे आहे, हे विचारायला रकाना नव्हता, म्हणून विचारले नाही.

महिन्याभरात ती गेली. न्यूमोनिया. पुढे कधी तरी, त्याच गल्लीतल्या एका शेडचे माप घेताना, शेजारणीने सहज बोलता बोलता सांगितले की शेवटचे काही आठवडे त्या पोरीला मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीशेजारी ठेवले होते. तिथे तर पत्राही नव्हता. शेडला नियम होते, मागच्या अंगणाला कसलाच नव्हता.

त्या दिवशी त्यांनी बाजारातून खिळा घेतला.

रकाना २. हद्दीपासून अंतर. (राहिलेला)

रविवारी सकाळी सगळे गोदामवाल्यांकडे गेले. या चार दिवसांत इंचसाहेबांनी बायकोला सांगायचे सात वेळा ठरवले होते. एकदा तर "अगं, ऐक" इथपर्यंत आले. ती कपाटातून मुलीचे ठेवणीतले कपडे काढत होती, आणि गुणगुणत होती. ते म्हणाले, "काही नाही, पाणी दे."

बैठकीची खोली ऐसपैस होती. गोदामवाल्या बाई स्वतः चहा घेऊन आल्या. थोरला समोर बसला होता, चांगला उंचापुरा, पण प्रश्न कोणीही विचारला तरी उत्तर द्यायच्या आधी आईकडे बघायचा.

"आम्हाला काही नको हो," बाई म्हणाल्या. "सगळं भरून पावलंय. घरात फक्त माणूस हवंय."

"बाहेर खांब आणून ठेवलेत, वाळू पण आहे," मुलगी म्हणाली. नजर तपासायचाच तिचा धंदा, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "शेड मोठी करताय? गाडी घेणार आहात का?"

बाई मनापासून हसल्या. "आम्ही कशाला घेऊ? येईल तिच्या पावलानं. लोक लेकीला हौसेनं देतातच की. आम्ही मागत नाही बाई कुणाकडे. जागा तेवढी करून ठेवतो."

मेहुणा हसला. हसणारा तो एकटाच होता, हे कळून त्याने चहाचा घोट घेतला. बायकोने हातातली बशी खाली ठेवली.

"आणि साहेब," बाईंनी आवाज घरगुती केला, "आलाच आहात तर माप घेऊन टाका. आता घरचंच काम. हद्दीपाशी चाळीसच सेंटिमीटर राहतायत, पण एक मीटर लिहायला तुम्हाला काय जड? शाई तेवढीच लागते."

इंचसाहेब उठले. का उठले, हे त्यांना पुढे कधी सांगता आले नाही. तीस वर्षे 'माप घ्या' म्हटले की पाय उचलत होते, तसे उचलले. सगळे मागोमाग अंगणात आले. टेप खिशात होती. ती नाही असा दिवस नसे. खिळ्यासाठी दुसऱ्या खिशात हात घातला. खिळा नव्हता. तो कामाच्या पँटीत राहिला होता. आजची पँट ठेवणीतली होती.

"द्या बाबा, मी धरते," मुलगी म्हणाली आणि त्यांच्या हातातून टोक घेऊन चालू लागली.

ती पहिल्या खांबाला थांबली नाही. दुसऱ्यालाही नाही. कुंपणाला सर्वांत जवळचा तिसरा. आकडा अजून तिथेच होता, थोडा गंजलेला. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिने खांद्यावरची पर्स काढली आणि त्या आकड्याला अडकवली.

टेप ताणली गेली.

"किती आलं, बाबा?"

आकडा अंगठ्याखाली दिसत होता. वाचता येत नव्हता. टेपमधून तो ओळखीचा ताण येत होता, केसभर न हलणारा, आठ वर्षे प्रत्येक घरात शेवटच्या वितीला जाणवणारा. फक्त आज पलीकडे कोण आहे ते दिसत होते, आणि ते त्यांचे स्वतःचे लेकरू होते.

"बाबा? हात दुखला माझा."

"सोड," ते म्हणाले. मग मोठ्याने, "सोड ते टोक. त्या खांबापासून बाजूला हो. पर्स काढ तिथली."

टेप खडखडत आत आली.

"काय झालं भावजी?" मेहुणा म्हणाला.

"या घरात मुलगी द्यायची नाही." इंचसाहेब बायकोकडे बघून बोलत होते. "यांची पहिली सून इथे राहत होती. इथे, या पत्र्याखाली, गाडीच्या जागेवर. गाडी आली नाही म्हणून. आठ वर्षांपूर्वी मी पाहिलं होतं. तिनं माझ्या टेपचं टोक धरलं होतं, त्याच खांबाशी."

"आणि हटवायला कुणी सांगितलं?" गोदामवाल्या बाईंचा आवाज जराही चढला नाही. "तुमचाच कागद आहे आमच्याकडे, जपून ठेवलाय. आठ दिवसांत हटवावे. आम्ही चौथ्या दिवशी हटवलं. नियम पाळणारी माणसं आहोत आम्ही."

"हटवलं म्हणजे?" मुलीने विचारले. "सामान की माणूस?"

मग पहिल्यांदाच आईकडे न बघता थोरला बोलला. तो जमिनीवरच्या वाळूच्या ढिगाकडे बघत होता.

"मागे. टाकीजवळ. तिथे पत्रा नव्हता."

"तू गप्प बस."

"रात्री खोकायची," तो म्हणाला. "खिडकी लावली की ऐकू यायचं नाही."

इंचसाहेबांची बायको पुढे झाली. साधी बाई, आयुष्यात कुणाच्या दारात आवाज चढवला नव्हता तिने, आजही चढवला नाही. तिने आकड्यावरची पर्स काढली, पदराने पुसली, मुलीच्या हातात दिली आणि फाटकाकडे चालू लागली. मेहुणा "अहो बाई, गैरसमज झाला" असे काहीतरी पुटपुटत क्षणभर रेंगाळला आणि मग तोही निघाला.

"साहेब, सही करायची नसेल तर नका करू," मागून बाई म्हणाल्या. "पण तो शेरा तुमचाच आहे, विसरू नका."

"नाही विसरलो. म्हणून तर बोललो."

घरी जाताना मुलगी पुढे चालत होती. इंचसाहेब तिला गाठायचा प्रयत्न करत होते आणि तिला ते नको होते. कोपऱ्यावर ती थांबली.

"आठ वर्षं ठीक आहे," ती म्हणाली. "म्हणजे ठीक नाहीच. पण हे चार दिवस? रोज एकत्र जेवलो आपण. मी विचारलं होतं तुम्हाला, काय हो बाबा."

"धीर होत नव्हता गं."

"आणि मघाशी? मी पहिल्या खांबापासून तिसऱ्यापर्यंत चालत गेले. तेव्हाही तुम्ही बोलला नाहीत." ती थोडा वेळ त्यांच्याकडे, ग्राहकाच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहावे तशी, पाहत राहिली. "एकच सांगा. खिळा खिशात असता तर?"



शेरा.

सोमवारी त्यांनी नव्या अर्जावर लिहिले: *नामंजूर. हद्दीपासून अंतर अपुरे.* मग जुनी फाइल उघडली. आठ वर्षांपूर्वीच्या शेऱ्याखाली जागा कमी होती म्हणून पुरवणी कागद जोडला आणि त्यावर लिहिले: *या शेडमध्ये घरगुती सामान नव्हे, घरातील सून राहत होती. मी तिला पाहिले. तिला कोठे हलवले याची मी चौकशी केली नाही. समासातील १.५८ हे माप तिचे आहे.* खाली सही, तारीख, हुद्दा.

त्याची एक प्रत घेऊन ते पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या माणसाने दोनदा वाचली, "आठ वर्षांनी?" म्हणाला, आणि ठेवून घेतली. दुसरी प्रत पोस्टाने त्या मुलीच्या वडिलांना पाठवली. त्यांचे उत्तर आले नाही. यावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

मग ते कारकून बाईंना म्हणाले, "दहा वर्षांच्या शेडच्या फायली काढा. रकाना तीन बघायचाय."

दोघांनी मिळून आठवडाभर फायली चाळल्या. *लग्नात येणार. मुलाच्या लग्नानंतर. सुनेच्या माहेराहून. सासरे देणार.* एकाने तर गाडीचा रंगही लिहिला होता. एकूण त्रेचाळीस. प्रत्येकावर आवकचा शिक्का, मंजुरीचा शिक्का, आणि एकोणतिसांवर त्यांची सही.

"साहेब," कारकून बाई हळूच म्हणाल्या, "शिक्के मीच मारते हो. अक्षर बरं असलं की मी वाचतही नाही."

वरिष्ठांनी फायलींचा ढीग पाहिला आणि हात झटकले. "आपलं खातं पत्र्याचं आणि खांबांचं. लोकांच्या लग्नात आपण कुठे पडायचं?"

"रकाना आपलाच आहे ना साहेब," इंचसाहेब म्हणाले. "आपणच विचारतो गाडी केव्हा येणार. त्यांनी सांगितलं. ऐकायचं राहिलं ते आपलं."

"मग करणार काय तुम्ही?"

"फेरपाहणी. नियमात आहे."

आता हे वाचणाऱ्या तुम्हाला एक विचारतो. तुमच्या गल्लीत एखादी रिकामी शेड आहे का? रंग नवा, खाली गाडी नाही. असेल तर एकदा थांबून बघा, तिथे काय ठेवले आहे. आणि काहीच ठेवलेले नसेल, जागा झाडून लख्ख असेल, तर मागच्या अंगणात डोकावा. माप घेणाऱ्याने तेवढे केले नाही.

त्रेचाळीसपैकी पहिले घर पेठेच्या टोकाला होते. रकाना तीन: *सुनेच्या माहेराहून.* शेड दोन वर्षांची, खाली गाडी नाही, सायकल नाही, काही नाही. दार उघडणाऱ्या बाई तोंडभर हसल्या. "या साहेब. पास झालेली आहे की आमची. टोक धरू का?"

"तुम्ही नको. शेडचे मूळ कागद तेवढे शोधून आणा. टोक धरायला सूनबाईंना पाठवा."

"तिला काय कळतंय?"

"धरायचंच तर आहे."

हात पुसत एक मुलगी बाहेर आली. इंचसाहेबांच्या खिशात आज खिळा नव्हता. तो त्यांनी घरी मुलीच्या टेबलावर ठेवला होता. तिने तो फेकलाही नव्हता आणि त्याबद्दल विचारलेही नव्हते. त्यांनी टेप काढली आणि टोक सुनेच्या हातात दिले. देताना जवळ होते तेवढ्यात, शेडची मापे विचारावीत तशा साध्या आवाजात म्हणाले, "रकाना चार आहे. घरात तुम्ही कुठे झोपता, ते सांगा. मी लिहून घेईन. हटवावे असं लिहिणार नाही."

तिने दाराकडे पाहिले. मग त्यांच्याकडे. ती टोक घेऊन खांबापाशी गेली आणि उभी राहिली. टेप ताणली गेली. आकडा स्थिर राहीना. पलीकडचा हात हलत होता.

नीट धरा, असे ते म्हणाले नाहीत. आत कपाटाची दारे उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता, कागद अजून सापडले नव्हते. इंचसाहेब हलणाऱ्या टेपकडे बघत पेन्सिल हातात धरून उभे राहिले, ती बोलेपर्यंत.